बांगड्यांच्या दुकानामागची कणगी

बांगड्या भरणाऱ्या बाईला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. गिऱ्हाईक समोर बसतं, हात माझ्या हातात देतं, आणि हात दिला की पाठोपाठ तोंडही सुटतं! बोटं दाबून, अंगठा आत घेऊन बांगडी वर सरकेपर्यंत बाईचं सासर, माहेर, शेजार सगळं माझ्या पुढ्यात येऊन पडलेलं असतं. दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे मी त्यात टाकते. (फुटलेल्या म्हणायचं नाही. आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते.) किस्स्यांचं तसंच आहे. साठत जातात, टाकवत नाहीत, आणि एखाद्या दुपारी झाकण उघडलं की नुसता हिरवा-लाल-पिवळा उजेड!

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात जीपा थांबतात तिथंच समोर माझं दुकान. दुकानाच्या मागं एक खोली, आणि खोलीत सासऱ्यांच्या वेळची कणगी. तुराट्यांची, शेणामातीनं सारवलेली, माझ्या खांद्याएवढी. आता तिच्यात गावाचं धान्य असतं. ज्याच्याकडं जास्त झालं त्यानं आणून टाकायचं, ज्याची चूल थंड आहे त्यानं न्यायचं. खोलीचं दार दुकानातूनच आहे. त्यामुळं आत शिरलेली बाई बांगड्या भरायला आली, धान्य टाकायला आली की न्यायला आली, हे रस्त्यावरच्याच्या बापालाही कळत नाही!

नियम एकच. कणगीपाशी रिकाम्या हातानं जायचं नाही. न्यायला आलेल्या बाईनंही आधी एक मूठ टाकायची आणि मग पिशवी भरायची. जिच्या घरात मूठभरही नाही, तिच्यासाठी दुकानातच ज्वारीचा डबा उघडा ठेवलेला असतो. त्यातली मूठ घ्यायची आणि आत जायचं.

दुपारी दारातल्या बांगड्यांच्या माळांमधून ऊन आत येतं आणि त्या मातकट कणगीवर रंगांचे ठिपके हलत राहतात. तिथं बसलं की माझं धंद्यावरचं लक्षच उडतं, खरं सांगते.

*

या सगळ्याची सुरुवात झाली एका विसरलेल्या पोत्यानं.

दगडूभाऊ आमच्याकडं सेनगावची काळीपिवळी जीप चालवतात. एक दिवस टपावरनं ज्वारीचं पोतं उतरवून माझ्या दारात आणून टाकलं. "वैनी, कोनतरी इसरून गेलं बघा. मालक येईस्तोर ठिवा."

मालक काही आला नाही. त्या साली सोयाबीन पाण्यात गेलं होतं. बांगड्या भरायला आलेल्या एका बाईनं पोत्याकडं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा विचारलं, "कोनाचं हाय वो हे?" मी म्हणाले, "कोणाचंच नाही." बाईनं पदर पसरला. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. असं करत पोतं अर्ध्यावर आलं, आणि नेमका तेव्हाच मालक उगवला! मारोतराव म्हणून एक शेतकरी. दारात उभा राहून आत बघायला लागला. आत एक म्हातारी दाणे पदरात घेत होती, आणि खाली पडलेला एकेक दाणा टिपून घेत होती.

मी पुढं झाले. म्हटलं, "भाऊ, तुमचं पोतं..."

"आमचं? न्हाई बा. आमचं न्हाई हे."

"अहो, पण दगडूभाऊ म्हणाले..."

"न्हाई म्हणलं ना एकदा!" असं ओरडून मारोतराव तरातरा निघूनही गेले.

पोत्यावर निळ्या रंगानं हातभर अक्षरांत त्यांचं नाव, बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं होतं!

पुढच्या सुगीला तस्संच एक पोतं दारात आलं. या वेळी नावावर चुना फासलेला. घाईत फासला असावा, कारण 'मारो' तेवढं राहून गेलं होतं.

*

आता चंपाबाई. तिच्याशिवाय यातला एकही किस्सा पुरा होत नाही.

माळावरच्या तांड्यातली ही माझी जुनी गिऱ्हाईक. उंच, ताठ, बोलायला फटकळ. दिवाळी झाली की तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात, ते पार गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. तोवर नात झुमकी आणि धाकटा बाळू आजीपाशी. संक्रांतीच्या तोंडावर चंपाबाई बांगड्या भरायला आली. तिचा हात दोन-आठच्या मापाचा, दोन-सहा तिला लहान पडते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. दोन-आठ काढली, आणि बांगडी सुळकन पार कोपराकडं गेली! दोन-सहा काढली. तीही बोटं न दाबता आत.

"चंपाबाई, आजारी होता का हो?"

"न्हाई गं शोभा. येकाच टायमाला जेवते. लई हलकं वाटायलंय. वाऱ्यावर चालल्यावानी."

रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नव्हता. कापूस वेचून वेचून रेषाच राहिल्या नव्हत्या. "मशीन म्हणतंय, तू चंपा न्हाईस. म्या म्हणलं, मंग कोन हाय ते तरी सांग की रं!"

आम्ही दोघी खूप हसलो. मग झुमकीनं तिचा हात पुढं केला, "मला बी हिरव्या." तो हात मी धरला आणि माझं हसू तिथंच संपलं. तोंडाला पावडर लावता येते, मनगटाला काय लावणार? मला रडू येत होतं आणि मी उगीच बांगड्यांची पेटी उचकत बसले.

शेवटी म्हटलं, "चंपाबाई, आत चला. कणगी भरलेली आहे. ही मूठ घ्या हातात, म्हणजे रिवाज झाला."

तिनं मूठ घेतली. आत गेली. मूठ कणगीत टाकली, कणगीला हात जोडले आणि बाहेर आली. पिशवी रिकामीच!

"अहो, न्यायचं होतं ना!"

"मागून आनलेलं लेकराच्या अंगी लागत न्हाई, शोभा. माझी माय सांगायची. तू टाक म्हणलीस, म्या टाकलं."

आणि दोन्ही नातवंडांना घेऊन गेली माळाकडं. झुमकी चालता चालता हात हलवून नव्या बांगड्या वाजवत होती. किणकिण बराच वेळ ऐकू येत होती. किती गोड आवाज, आणि मला तो ऐकवत नव्हता.

तेव्हापासून आमच्या मंडळींपुढं एकच सवाल. चंपाबाईच्या घरात दाणा पोचवायचा कसा?

*

मंडळी म्हणजे फार नाहीत. मी, दगडूभाऊ आणि आमचे गुरुजी. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवायची खोड निवृत्त झाली नाही. आमच्या बैठका कणगीशेजारी पोत्यांवर बसून व्हायच्या.

दगडूभाऊ म्हणाले, "तुमी निस्ते बोलत बसता. काम आसं करायचं!" सकाळच्या पहिल्या फेरीला त्यांनी जीप माळावरनं घातली, चंपाबाईच्या दाराजवळ एक लहानसं पोतं अलगद सोडलं आणि निघताना हॉर्नसुद्धा वाजवला नाही. दगडूभाऊंनी हॉर्न न वाजवणं म्हणजे केवढा त्याग! आल्यावर आम्हाला सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा.

चहाचे कप खाली ठेवतो न ठेवतो, तोच समोरून चंपाबाई. डोक्यावर पोतं, मागं झुमकी, तिच्या बोटाला बाळू. जीपांच्या भर गर्दीत तिनं पोतं दगडूभाऊंच्या पायाशी उतरवलं.

"दगडू! दोरी नीट बांदत जा की रं! रस्त्यानं पोती सांडीत चाललास. कोनाच्या तरी लेकराच्या तोंडचा घास आसंल त्यो!"

दगडूभाऊंनी चहावाल्याला हात केला. म्हणाले, "माय, च्या तरी घे."

"तुझं ध्यान च्यातच ऱ्हातंय. म्हणून तं पोती पडतेत!"

*

मग फोटोचा किस्सा. मला अजूनही त्या मंडळींचा राग येतो, पण किस्सा सोडवत नाही.

शहरातून एक पांढरी गाडी आली. किराण्याच्या बांधीव पिशव्या, लांबलचक बॅनर, आणि बॅनर धरायला चार माणसं. त्यातल्या साहेबांनी विचारलं, "लाभार्थी कुठं आहेत?"

दुकानातल्या सगळ्या बायकांना एकाएकी बांगड्यांत भलताच रस आला! एकीनं वर मान केली नाही. साहेब घड्याळ बघायला लागले. "कोणीही चालेल हो, फोटोपुरतं उभं राहा."

शेवटी गुरुजीच उठले. पाव्हण्यांचा अपमान नको, ही त्यांची शिकवण. त्यांच्या शेजारी दगडूभाऊ आणि कडेला मी. पिशव्या घेतल्या, कॅमेऱ्याकडं बघितलं, गाडी गेली, पिशव्या आम्ही कणगीशेजारी ठेवून दिल्या. संपलं, असं वाटलं.

तो फोटो छापून आला. खाली लिहिलेलं, 'उपासमारीने खंगलेले ग्रामस्थ'. गुरुजींच्या मुलीचा पुण्याहून फोन! "बाबा, पेन्शन बंद झाली का? मला का नाही सांगितलं? आणि सदरा किती मळका तो!"

"अगं, तो माझा चांगल्यातला सदरा आहे!" गुरुजी फोनवर ओरडत होते, आणि दगडूभाऊ हसून हसून पोत्यावरनं खाली.

फोटो मोबाईलवरनं तांड्यातही पोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी चंपाबाई आली, ती थेट गुरुजींपुढं. फडक्यात बांधलेली भाकरी आणि लाल चटणी काढून समोर ठेवली.

"गुरुजी, तुमच्यावर आशी येळ आली, आन आमाला पत्ता न्हाई? माझ्या पोराला शिकवलंत तुमी. खावा."

ती भाकरी कुठल्या वेळच्या जेवणातली होती, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. मग गुरुजींनी ती भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. चंपाबाई समोर बसून पदरानं वारा घालत होती. "चटणी तिखट लागली व्हय? डोळ्यात पानी आलंय तुमच्या."

*

त्या खोलीत बसलं की माणूस पेंगतो. धान्याचा वास, अंधार, भिंतीवर बांगड्यांचे रंग, बाहेर कुठंतरी जीपवाल्याची हाळी, "सेनगाव, सेनगाव..." आणि डोळे मिटतातच.

गुरुजी तर बैठकीतच झोपायचे. एकदा दचकून उठले. म्हणाले, "शोभाताई, विलक्षण स्वप्न पडलं! मी शेतात उभं असलेलं ज्वारीचं ताट झालो होतो. कणसानं डोकं असं जड झालेलं. वारा यायचा, मी डोलायचो. खूप बरं वाटत होतं. तेवढ्यात पोपटांचा थवा आला आणि माझं डोकं खाऊन टाकलं हो!"

आम्ही हसायला लागलो. दुकानात झुमकीची वाढलेली बांगडी बदलून घ्यायला आलेली चंपाबाई मात्र हसली नाही. उंबऱ्यात येऊन म्हणाली, "गुरुजी, पोपटांचं पोट भरलं का?"

गुरुजींनी डोळे मिटून आठवून बघितलं. "हो. भरलं असावं. उडून गेले ते."

"मंग झालं की! घाबरायचं काय त्यात?"

*

हळदीचा किस्सा वेगळाच.

कुरुंद्याच्या एका शेतकऱ्याची लेक गोरेगावात दिलीय. त्यानं कणगीचं ऐकलं आणि मोठ्या मनानं दोन पोती दळलेली हळद पाठवली. आता हळद माणसाच्या पोटात जाते किती? चिमूटभर! दगडूभाऊ पोती उतरवता उतरवता पुटपुटले, "वैनी, एवढ्या हळदीत आख्ख्या तालुक्याची लग्नं व्हतील."

पोतं ठेवताना शिवण उसवली, आणि नेमका वारा सुटला. खोली पिवळी झाली! कणगी पिवळी, गुरुजी पिवळे, दारातल्या काचेच्या माळांवर सोन्याची धूळ. उन्हात ती अशी काही तरंगत राहिली, की कोणालाच ओरडावंसं वाटेना.  माझ्या हाताकडं बघून मला माझी हळद आठवली, पाटावर बसलेली मी, सोळा माणसांचा गोंगाट. किती दिवसांनी आठवली.

तेवढ्यात बिराजी आले. मेंढरांचा कळप घेऊन शेतोशेती फिरणारे धनगर. दारात थांबून म्हणाले, "लगीन कोनाचं हाय वो?"

"कणगीचं!" गुरुजी म्हणाले. पिवळ्या भुवयांखालून इतकं गंभीर म्हणाले, की बिराजींनी आधी नमस्कार केला.

त्यांच्या मेंढरांच्या खुरांना जखमा झाल्या होत्या, तेलात कालवून लावायला त्यांनी गाठोडंभर हळद मागितली. पण फुकट नाही हं. ज्याच्या शेतात मेंढरं बसतात तो खताच्या बदल्यात धनगराला धान्य देतो, ही जुनी रीत. त्यातलं अर्धं बिराजींनी कणगीत आणून टाकायचं ठरवलं. असं करत हळदीची ज्वारी झाली!

चंपाबाई दाराशी उभी राहून हे ऐकत होती. "ह्याला म्हणतेत बराबरी," ती म्हणाली. "येक हात देतो, येक हात घेतो. कोनाची मान खाली न्हाई."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागून नको ना? मग कमावून ने!

*

बाजाराच्या दिवशी चंपाबाईला सांगितलं, "धान्यात खडे फार येतात. निवडायला, पाखडायला बाई पाहिजे. याल का?"

"येते की."

आली. सूप मांडीवर घेऊन बसली. तिचं पाखडणं बघत राहावं असं. सूप हलतंय की नाही कळत नाही, आवाज मात्र लयीत. कोंडा उडतो, दाणा जागचा हलत नाही. दिवसभरात तिच्या सुपातनं एक दाणा भुईवर पडला असेल तर शपथ. संध्याकाळी मी आनंदानं पिशवी भरून पुढं केली.

"हे काय गं?"

"मजुरी."

"धरमाच्या कामाची मजुरी?" चंपाबाई उभीच राहिली. "नरकात घालतीस व्हय मला?"

झालं! म्हणजे आधी ती उपाशी होती, आता उपाशीपोटी दिवसभर पाखडत होती. दर बाजारी यायची, राबायची, रिकामी जायची. मुलांना मी काही खायला द्यावं तर तिनं फडक्यात अर्धी-अर्धी भाकरी आणलेली. गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, "शोभाताई, आपण हिचं जेवण वाढवायला गेलो, आणि कष्ट वाढवून बसलो." मला स्वतःचा इतका राग आला, की त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवताना तीन वाढल्या.

मग एका संध्याकाळी चंपाबाईनं खोली झाडली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून सांडलेले दाणे मातीसकट गोळा केले, सुपात घेऊन पाखडले, फुंकले. मूठभर निघाले. ती मूठ धरून ती माझ्याकडं आली.

"शोभा, हे मातेरं कोनाचं?"

"कोणाचं असणार?"

"पोरगी व्हते तवा हिंगोलीच्या मोंढ्यात झाडायला जायची मी. तिथं वजन करताना धान्य सांडायचं. खाली सांडलेलं झाडनारनीचं, अशी रीत. ते मागितलेलं नसतंय. कोनी दिलेलं बी नसतंय. निस्तं सांडलेलं असतंय." तिनं मूठ पदरात बांधली, पक्की गाठ मारली. "हे नेते."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो.

गुरुजी सावकाश उठले. डब्यातली मूठभर ज्वारी घेतली, कणगीकडं चालायला लागले. आणि अर्ध्या वाटेत त्यांचा हात असा काही कापला म्हणता, की सगळी मूठ भुईवर! "अरेरे," गुरुजी म्हणाले. "वय झालं."

*

वय काय एकट्या गुरुजींचं झालं?

पुढच्या बाजारी दगडूभाऊंच्या पोत्याला भोक. त्याच्या पुढच्या बाजारी आणखी मोठं भोक. दुकानात आलेल्या बायकांना मी फक्त एवढंच सांगायची, "आत सांडलं तर उचलू नका हं. ते झाडणारीचं असतं." तेवढं पुरे झालं! ज्या बाईच्या डोक्यावर तीन घागरी असतात आणि थेंब सांडत नाही, तिचा नेम एवढ्या मोठ्या कणगीवर लागेना. कोणाला ठेच लागायची, कोणाला शिंक यायची. एकदा मारोतराव स्वतः आले, उंबऱ्याला अडखळले आणि पायली आडवी केली. वर पुन्हा मलाच म्हणाले, "सांडलं? आमचं न्हाई ते!"

त्या दुपारी अजून डोळ्यांपुढं येतात. सारवलेल्या भुईवर ज्वारीचे दाणे घरंगळत जायचे, त्यांच्यावरनं बांगड्यांचे रंग जायचे, मधे सूप घेऊन चंपाबाई, आणि झुमकी-बाळू रांगत रांगत दाणे वेचतायत, हिरव्या उजेडातनं लाल उजेडात.  मला वाटायचं, ही खोली पाण्याखाली आहे आणि आम्ही सगळे मासे आहोत.

चंपाबाईला कळलं होतं का? देव जाणे. एक दिवस म्हणाली, "शोभा, ह्या गावाला काय झालंय गं? समद्यांचे हात कापायलेत. डाक्टरला दाखवा की!" चेहरा अगदी सरळ.

मग बिराजींनी घोटाळा केला. कोणीतरी त्यांना अर्धवट सांगितलं असावं. त्यांनी गाठोडं खांद्यावरनं उतरवलं, कणगीकडं बघितलंसुद्धा नाही, आणि सगळं गाठोडं चंपाबाईच्या पुढ्यात उलटं केलं. ढीगच! आम्हाला वाटलं, आता ही उठून जाणार, पुन्हा येणार नाही.

चंपाबाईनं सूप खाली ठेवलं. ढिगाकडं बघितलं, बिराजींकडं बघितलं.

"आरं, लक्ष्मी हाय ती," ती म्हणाली. "सांडायचं तं मापात सांडावं!"

तिनं ढिगातलं ओंजळभर झाडूनं आपल्याकडं ओढलं. बाकीचं बिराजींकडून कणगीत भरून घेतलं.

*

पाडव्याच्या आधी चंपाबाई बांगड्या भरायला आली. मी सवयीनं दोन-सहा काढली. बोटांच्या मुळाशी येऊन अडली. साबण लावला, अंगठा दाबला. "आई गं! हात मोडतीस काय माझा?" चंपाबाई ओरडली. मी इतकी खूश झाले, की तिची माफीही मागितली नाही. दोन-आठ काढली. बरोबर बसली. झुमकीलाही आधीच्या मापाच्या वरची लागली. त्या दोन मनगटांकडं मी बघत राहिले आणि माझे डोळे भरून आले. लाज कसली त्यात?

पाडव्याला मुलगा-सून आले. चंपाबाईच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटायला लागली, आणि तिचं बाजारचं येणं बंद झालं.

नंतरच्या एका बाजाराची गोष्ट. बिराजींचा मुलगा जीपमधनं पडून पाय मोडून पडला होता, आणि दवाखान्यापायी निम्मी मेंढरं विकावी लागली होती. त्यांची सून कणगीपाशी यायला लागली होती. बारीकशी पोर, कडेवर तान्हं. पिशवी पुढं केली तर मान हलवली. "आमी दिल्याबिगर घेत न्हाई मावशी." म्हणून चंपाबाईच्या जागेवर बसून ती पाखडत होती. बाळ शेजारी झोळीत.

ऊन कललं होतं. माळा किणकिणल्या, बघते तर चंपाबाई! नवं लुगडं, हातात कोपरापर्यंत माझ्या बांगड्या, काखेत ज्वारीची पिशवी.

"मुठीची रीत हाय ना अजून?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी दारातनं बघत होते. कणगीपाशी जाऊन तिनं पिशवीत हात घातला, भरगच्च मूठ काढली. मग तिचं लक्ष त्या सुनेकडं गेलं. तिच्या हाताकडं, त्यातल्या सैल बांगड्यांकडं, झोळीकडं.  भुईवर लाल-हिरवे ठिपके हलत होते. मग तिनं हात पुढं केला. जिच्या सुपातनं कधी दाणा पडला नाही, तिचा तो हात. कणगीच्या वीतभर अलीकडंच ती मूठ उघडली. दाणे खळाळत भुईवर गेले, झोळीखालीसुद्धा गेले. आणि तिनं पिशवीत पुन्हा हात घातला.

सुनेनं दचकून वर बघितलं.

चंपाबाई माझ्याकडं वळली आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "लई जड बांगड्या भरल्यास गं शोभा. हात कापायलाय बघ माझा!"